वापरणारा कोण? सामायिक डेटाबेसच्या परवान्यांची कहाणी

सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी कोणी भरावी हा आपल्याकडील एक जुना, आणि कधीही न सुटलेला प्रश्न आहे. वर्गणीदार एक असतो. पण त्याने घरी आणलेले मासिक आधी घरातील माणसे वाचतात, मग शेजारी, मग माडीवरचे बिऱ्हाडकरू, आणि महिनाअखेरीस ते परत जाते तेव्हा त्याच्या पानांना अख्ख्या वाड्याच्या हाताचे तेल लागलेले असते. चिटणीसांना हे ठाऊक असते. ते डोळेझाक करतात, कारण नियम करावा म्हटले तर तो कसा करावा हेच उमगत नाही. माणसे मोजावीत, घरे मोजावीत, की पुस्तके? आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो नावाने परका आणि रुक्ष वाटला तरी मुळात हाच आहे. फरक इतकाच की या गोष्टीतील चिटणीस डोळेझाक करणारे नव्हते, आणि वाडा साऱ्या जगाएवढा होऊन बसला होता.

डेटाबेस हा शब्द आता कोणास नवा नाही. त्यास ‘विदागार’ असा मराठी शब्द आहे, तो वाईटही नाही. पण तो अजून तोंडात बसलेला नाही, म्हणून रूढ शब्दच वापरतो. रेल्वेच्या जागा, बँकेतील खाती, विजेची बिले, सात-बाराचे उतारे हे सारे ज्या कोठारांत राहते ती ही कोठारे. काटेकोरपणे बोलावयाचे तर कोठारातील माहिती निराळी आणि ती सांभाळणारी आज्ञावली निराळी. एकाच वेळी हजारोंना माहिती काढून देणे, आणि दोघांनी एकच जागा मागितली तर ती एकालाच मिळेल अशी व्यवस्था ठेवणे, हे त्या आज्ञावलीचे काम. ही आज्ञावली भांड्याप्रमाणे विकत मिळत नाही. मिळतो तो ती वापरण्याचा परवाना. आणि वापरण्याचा परवाना म्हटला की पहिला प्रश्न उभा राहतो : वापरणारा कोण?

प्रारंभी हा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. १९६० नंतरच्या दशकात मोठा संगणक भाड्याने घेतला की आज्ञावल्या, त्या शिकवणारी माणसे आणि दुरुस्ती हे सारे त्याच भाड्यात येत असे. १७ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकन सरकारने आयबीएम या कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जून रोजी कंपनीने जाहीर केले की यापुढे आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारली जाईल. हे खटल्याच्या धाकाने घडले की आधीपासून चाललेल्या विचाराने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणामाविषयी मात्र नाहीत. यंत्रासोबत फुकट मिळणारी वस्तू त्या दिवसापासून स्वतंत्र माल झाली, आणि मालाला माप आले. पहिले माप साधे होते : एक यंत्र, एक परवाना. जाता जाता सांगावयास हरकत नाही की आपल्या देशाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती करून संगणकाच्या आज्ञावलीस ‘साहित्यकृती’मध्ये जागा दिली. कादंबरी, कवितासंग्रह आणि बँकेच्या हिशोबाची आज्ञावली कायद्याच्या एकाच पंगतीत बसतात. साहित्यिकांनी याबद्दल अद्याप तक्रार केलेली ऐकिवात नाही.

जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच ‘मोठ्या सामायिक माहितीपेढ्या’ अशा अर्थाचे शब्द होते. माहिती सारणीच्या रूपाने मांडावी आणि ती काढणाऱ्यास कोठाराची आतील रचना ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा त्याचा आग्रह. आजचे बहुतेक डेटाबेस याच विचारावर उभे आहेत. आपल्याकडे या निबंधाचा उल्लेख होतो तो गणितासाठी; मला त्यातील ‘सामायिक’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पुढील सारे भांडण त्या एका शब्दात दडलेले आहे. आयबीएमने कॉडच्या कल्पनेचा माल करण्यात दिरंगाई केली आणि तिचा लाभ दुसऱ्यांनी उठवला. लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स या तिघांनी १९७७ साली कॅलिफोर्नियात एक लहानशी कंपनी काढली व १९७९ मध्ये ‘ऑरॅकल’ची दुसरी आवृत्ती बाजारात आणली. पहिली आवृत्ती विक्रीस आलीच नव्हती. पहिल्या आवृत्तीला हात लावण्यास गिऱ्हाईक धजावत नाही, हे या मंडळींनी व्यापाराच्या पहिल्याच दिवशी ओळखले होते.

त्या काळी डेटाबेस वापरणारा म्हणजे कचेरीत पडद्यासमोर बसलेला कारकून. तो दिसत असे, त्याचे नाव हजेरीपटावर असे, त्याची खुर्चीसुद्धा मोजता येई. म्हणून दोन मापे रूढ झाली. एक नावनिशीवार : ज्यांना वापरण्याचा अधिकार आहे त्या सर्वांची गणती. दुसरे एकसमयी : एका क्षणी जास्तीत जास्त किती जण आत आहेत एवढेच पाहावयाचे. तीन पाळ्यांत काम चालणाऱ्या कारखान्यास दुसरे माप स्वस्त पडे, कारण एकाच परवान्यावर तिघे पाळीपाळीने काम करीत. ही मापे न्याय्य होती असे माझे मत आहे. विकणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांनाही तीच माणसे दिसत होती.

३० एप्रिल १९९३ रोजी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने वेबची आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली केली आणि या जमलेल्या हिशोबाखालची जमीनच सरकली. ते कसे, हे थोडे सावकाश पाहिले पाहिजे.

आपण घरी बसून गाडीची जागा पाहतो तेव्हा आपली डेटाबेसशी गाठ पडतच नाही. मध्ये एक दुभाषा उभा असतो. आपला प्रश्न तो ऐकतो, स्वतः आत जाऊन उत्तर आणतो आणि आपल्यापुढे पान मांडतो. प्रत्येक पाहुण्यासाठी नवे दार उघडणे खर्चाचे, म्हणून हा दुभाषा मोजकी दारे सदैव उघडी ठेवतो आणि हजारो प्रश्न त्यांतूनच आळीपाळीने पाठवतो. समजा दारे दहा आहेत. मग डेटाबेसच्या वहीत दिसते ते काय? एकाच नावाने आत आलेले दहा जण. बाहेर लाखांची रीघ लागलेली असो, आतला हिशोब दहाचाच. जुन्या नियमाचा शब्दार्थ घ्यावा तर दहा परवाने पुरेत. गिऱ्हाइकांनी साहजिकच तसे म्हणावयास सुरुवात केली.

कंपन्यांचे उत्तर असे की मध्ये दुभाषा आणून डोकी कमी होत नाहीत. वाड्यात नळाची तोटी एक असली म्हणून पाणी पिणारा एक होत नाही. ऑरॅकल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांच्या नियमांत यासाठी एक कलमच आले : मधली यंत्रे कितीही असोत, गणती दूरच्या टोकाला करावयाची, जेथे खरा माणूस बसला आहे तेथे. ऑरॅकलने तर माणसांपुरते न थांबता, ज्यांमागे माणूस नाही अशी यंत्रेही या गणतीत धरली. तापमान नोंदवणारे एखादे उपकरण आपणहून आकडा पाठवीत असेल तर तेही एक डोके.

हे कलम कोण चूक म्हणेल? तत्त्वतः ते बरोबर आहे. पण त्यातून निघणारे निष्कर्ष पाहा. नागरिक कचेरीत गेला, खिडकीतील कारकुनाने पडद्यावर पाहून त्यास उत्तर सांगितले, तर वापरणारा कारकून. नागरिक गणतीत नाही. तोच प्रश्न त्याने घरून स्वतः विचारला तर वापरणारा नागरिक. प्रश्न तोच, उत्तर तेच, कोठारावर पडलेला भार तोच. मायक्रोसॉफ्टच्या खुलाशात ही रेषा स्पष्ट आखलेली आहे : कर्मचाऱ्याने माहिती आपल्या हाताने काढून दुसऱ्यास दिली तर घेणाऱ्यास परवाना नको; तीच माहिती आपोआप पोचली तर हवा. म्हणजे मध्ये माणसाचा हात आला की साखळी तुटते. ज्या यंत्राने कारकुनाचे श्रम वाचवले त्याच यंत्राचा परवाना कारकून मधून उठताच महाग झाला, असा हा विचित्र योग होता.

शिवाय दूरच्या टोकाला मोजावयाचे कोणाला? दुकानाच्या संकेतस्थळावर आज कोण आला, तोच उद्या पुन्हा आला की दुसरा, हे दुकानदारासही सांगता येत नाही. तेव्हा डोकी मोजणे सोडून यंत्राकडे परत जाणे भाग पडले. मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हरसाठी आधी इंटरनेटपुरता एक जोडपरवाना काढला आणि २००० सालच्या आवृत्तीपासून सरळ दर प्रोसेसरमागे आकारणी ठेवली. तो भरला की वापरणारे किती हे विचारावयाचे नाही. ऑरॅकलने त्याच सुमारास एक चमत्कारिक माप काढून पाहिले. प्रोसेसरचा वेग मेगाहर्ट्झमध्ये घ्यावा, त्यास प्रोसेसरांच्या संख्येने गुणावे, आणि येतील तेवढ्या ‘शक्ति-एककां’चे पैसे द्यावेत. दरवर्षी यंत्रे आपोआप वेगवान होत होती. म्हणजे जुने यंत्र बदलले की काम न वाढताही परवाना वाढे. गिऱ्हाइके इतकी चिडली की जून २००१ मध्ये एलिसन यांनी ते माप मोडीत काढले. नवा दर असा : मोठ्या आवृत्तीस दर प्रोसेसरमागे ४०,००० डॉलर, किंवा नावनिशीवार दर माणसामागे ८०० डॉलर. भागाकार करून पाहा. कंपनीच्या लेखी एक प्रोसेसर म्हणजे ५० माणसे. वेबवर येणारा अगणित लोकसमुदाय असा ५० च्या आकड्यात आणून बसवला गेला.

या मापांच्या गोंधळात एका सरकारचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. ३१ मे २००१ रोजी कॅलिफोर्निया राज्याने मध्यस्थ कंपनी लॉजिकॉन हिच्यामार्फत ऑरॅकलशी करार केला. रक्कम सुमारे ९ कोटी ५० लाख डॉलर, मुदत ६ वर्षे. खातेनिहाय थोडेथोडे परवाने घेण्यापेक्षा साऱ्या राज्यासाठी एकदम घ्यावेत म्हणजे स्वस्त पडतील, हा युक्तिवाद. परवाने घेतले २ लाख ७० हजार माणसांसाठी. राज्याच्या नोकरवर्गाची संख्या त्या वेळी सुमारे २ लाख ३० हजार सांगितली जात होती, आणि त्यांतील प्रत्येकास डेटाबेसचे काम पडत होते असेही नव्हे. एप्रिल २००२ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांचा अहवाल आला. करार होऊन जवळजवळ दहा महिने लोटले तरी एकाही खात्याने त्याखाली नवा परवाना उचलला नव्हता. आणि करार केलाच नसता तर झाला असता त्याहून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर अधिक खर्च होण्याचा संभव होता. पुढे उघडकीस आले की करारानंतर थोड्याच दिवसांत कंपनीकडून गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या प्रचारनिधीस २५,००० डॉलर मिळाले होते. दोहोंचा संबंध नाही असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले, आणि रक्कम परत करण्यात आली. अधिकाऱ्यांवर गदा आली, विधिमंडळात चौकशी बसली, आणि जुलै २००२ मध्ये करार उभयपक्षी रद्द झाला.

या प्रकरणाची चर्चा लाचलुचपतीच्या अंगाने पुष्कळ झाली. मला त्यात दुसरेच दिसते. विकणाऱ्याला एक आकडा हवा होता आणि तो त्याने आणला. राज्याकडे स्वतःचा आकडाच नव्हता. आपल्या घरी जेवणारी पाने किती हे यजमानाने आचाऱ्यास विचारावे, असा तो प्रकार होता. भारत सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. पण तशा आज्ञावल्या घेतल्या तरी आपली पाने मोजण्याचे काम चुकते असे नाही.

प्रोसेसर मोजणेही फार दिवस सोपे राहिले नाही. एकाच प्रोसेसरच्या पोटात दोन, चार, आठ गाभे येऊ लागले. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की गाभे कितीही असोत, प्रोसेसर एकच धरू. २०१२ मध्ये तीच कंपनी गाभे मोजू लागली. ऑरॅकलने अपूर्णांकांचे कोष्टक केले. मग एका यंत्राच्या पोटात अनेक काल्पनिक यंत्रे चालवण्याची युक्ती निघाली आणि नवा वाद उभा राहिला : डेटाबेस ज्या यंत्रावर चालतो तेवढेच मोजावे, की तो सरकून ज्यांवर जाऊ शकेल ती सारी? चॉकलेटे करणारी मार्स कंपनी २०१५ मध्ये याच मुद्द्यावरून ऑरॅकलविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गेली. तपासणीसाठी आपण २ लाखांहून अधिक पाने दिली, तरी मागणी थांबत नाही, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षअखेर प्रकरण मागे घेतले गेले आणि निकाल काही लागला नाही.

आता या कहाणीची दुसरी बाजू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावल्यांची चळवळ उभारली. तिचा जीपीएल हा परवाना पैसे मागत नाही. अट एवढीच की तुम्ही आज्ञावली दुसऱ्यास दिली तर तिचा मूळ मजकूर, आणि तुम्ही केलेले फेरफारही, त्याच अटीवर द्यावेत. स्वीडन-फिनलंडकडील मायकेल विडेनियस, डेव्हिड अॅक्समार्क आणि अॅलन लार्सन यांचा मायएसक्यूएल हा डेटाबेस २००० साली या परवान्याखाली आला. वेबवाल्यांना तो वरदानच वाटला, कारण त्यात डोकी नाहीत, प्रोसेसर नाहीत, गाभे नाहीत. विकिपीडिया त्याच्यावर वाढला. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेला मराठी विकिपीडियाही. दर वाचकामागे पैसे मोजावे लागते तर मराठीसारख्या भाषेचा असा कोश कोणी चालवला असता याचा विचार ज्याने त्याने करावा. २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल १०० कोटी डॉलरना घेतली, आणि जानेवारी २०१० मध्ये सनच ऑरॅकलच्या घरी गेली. युरोपीय आयोगाने हरकत घेऊन अखेर संमती दिली. विडेनियस यांनी मूळ मजकुराची नक्कल घेऊन निराळा संसार मांडला. मायएसक्यूएलला थोरल्या मुलीचे नाव होते, याला त्यांनी धाकटीचे दिले : मारिआडीबी. परवान्यानेच ती मुभा ठेवलेली होती. २०१३ मध्ये विकिपीडियाने बिऱ्हाड मारिआडीबीकडे हलवले.

पण वेबने या बाजूसही गाठलेच. जीपीएलची अट लागू होते ती आज्ञावली ‘दिल्या’वर. वेबवर कोणी कोणास काही देतच नाही. आज्ञावली सर्व्हरवर राहते, बाहेर जातात ती फक्त उत्तरे. तेव्हा मुक्त आज्ञावलीत हवे ते फेरफार करून, जगास सेवा विकून, मूळ मजकूर मात्र कुलपात ठेवणे शक्य झाले. त्यावर उपाय म्हणून २००२ मध्ये अफेरो परवाना निघाला आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी त्याची सुधारलेली आवृत्ती आली. फेरफार केलेल्या आज्ञावलीशी जो जाळ्यावरून व्यवहार करील त्यास तिचा मजकूर मागण्याचा हक्क आहे, असे तिचे कलम. दूरच्या टोकाला बसलेला तोच अनोळखी माणूस पाहा. एका कागदाने त्यास वसुलीचे डोके ठरवले होते, दुसऱ्याने हक्कदार ठरवले.

गंमत अशी की २००९ मध्ये माँगोडीबी हा डेटाबेस अफेरोखाली आला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी स्वतःच खुलासा केला : आमच्या कोठारात फेरफार केलेत तरच ते उघडे करा, त्याच्यापुढे तुम्ही उभा केलेला दुभाषा तुमचाच, त्यावर आमचा हक्क नाही. पैसे घेणाऱ्या कंपन्या साखळीच्या दूरच्या टोकापर्यंत गेल्या होत्या; ही मंडळी जवळच्या टोकालाच थांबली. थांबली नसती तर त्यांचा डेटाबेस कोणी हाती धरला नसता.

मग मोठ्या मेघसेवा आल्या. माँगोडीबीच्या कर्त्यांची तक्रार अशी की दुसरेच लोक आमचे कोठार जसेच्या तसे भाड्याने देऊन पैसा करतात. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांनी नवा परवाना काढला : हे कोठार सेवा म्हणून विकणाऱ्याने भोवतालची सारी व्यवस्था, देखरेखीपासून साठवणुकीच्या प्रतींपर्यंत, उघडी करावी. तक्रार खोटी नव्हती. औषध मात्र रोगाहून कडक होते. डेबियन, रेड हॅट यांनी माँगोडीबीस आपल्या संग्रहातून वगळले. आणि जानेवारी २०१९ मध्ये अॅमेझॉनने माँगोडीबीची बोली समजणारे स्वतःचे निराळे कोठार बाजारात आणले. त्यात माँगोडीबीचा मजकूर नव्हता, म्हणून नव्या परवान्याचा हात तेथवर पोचेना.

तरीही तीच वाट एलास्टिकने २०२१ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये धरली. रेडिसच्या बाबतीत आठवडाभराच्या आसपासच जुन्या मजकुरावरून व्हॅल्की नावाची निराळी शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निघाली. पुढे एलास्टिकने २०२४ मध्येच आणि रेडिसने मे २०२५ मध्ये अफेरो परवान्याचा पर्याय देऊ केला. व्हॅल्कीची मंडळी मात्र माघारी गेली नाहीत. त्यांचे काम निराळेच चालू आहे.